नारळ फुटत नाही, म्हणून निधी सुटत नाही

अग्निशमन दलात नवा बंब आला की काय होतं, तुम्ही पाहिलंय. झेंडूच्या माळा, हिरवा झेंडा, चालकाच्या जागी चढून बसलेले मान्यवर. आणि जवानांच्या सरावासाठी धुरकोठडी मागितली तर? ती म्हणजे काळोखी, वेडीवाकडी खोली. आत धूर सोडायचा, वाटेत अडथळे मांडायचे आणि पाठीवर बीए सेट म्हणजे श्वसनयंत्र घेऊन जवानाने चाचपडत पुढे सरकायचं. तिथे नारळ कुठे फोडणार? फोटो कसला काढणार? अनुदानाच्या प्रस्तावात सरावाचं साहित्य शेवटच्या ओळीत जातं, ते या उथळपणामुळे. माझा आरोप इतका सरळ आहे.

18 मे 2025 च्या पहाटे सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्याला आग लागली. आठ माणसं गेली. त्यात एक चिमुकलं मूल होतं. आग विझवायला कित्येक तास लागले. सुताचा माल आतल्या आत धुमसतो, नुसतं बाहेरून पाणी मारून भागत नाही. कुणाला तरी आत शिरावंच लागतं. आत स्वतःचा हात दिसत नाही. सराव नसलेला माणूस मुखवटा चढवताच भराभरा श्वास ओढतो आणि सिलिंडर ठरल्या वेळेच्या कितीतरी आधी रिकामं होतं. ही धाप मोडते ती फक्त सरावाने. परिपत्रकाने नाही!

वारसांना मदत जाहीर झाली, व्हायलाच हवी होती. पण मेल्यानंतरचा पैसा तडकाफडकी जाहीर करणारी व्यवस्था मरण टाळणाऱ्या पैशाला वर्षानुवर्षं रांगेत उभं करते, याची कुणालाच लाज कशी वाटत नाही?

पंधराव्या वित्त आयोगाचा पाच वर्षांचा कालावधी 1 एप्रिल 2021 ला सुरू झाला. राज्यांच्या अग्निशमन सेवांच्या आधुनिकीकरणासाठी 5000 कोटी ठेवले गेले. योजना सुरू कधी झाली? 4 जुलै 2023 ला! सव्वादोन वर्षं मार्गदर्शक सूचनांच्या गर्भवासात गेली. पुढे महाराष्ट्रासारख्या राज्याने आपला 25 टक्के हिस्सा घालायचा आणि प्रस्ताव दिल्लीला धाडायचा. वाटेत प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, दरपत्रकं, त्रुटींची पूर्तता, उपयोगिता प्रमाणपत्र. एवढ्या सह्यांमध्ये धुरात शिरलेल्या माणसाची सही किती ठिकाणी लागते?

अमेरिकेत 2001 पासून अग्निशमन दलांना थेट अनुदान मिळतं. दल स्वतः अर्ज करतं, सरावाचं साहित्य मागू शकतं आणि अर्जांना गुण देतात ते याच पेशातले लोक. वस्ती 20,000 पर्यंत असेल तर स्वतःचा वाटा 5 टक्के. तिकडे खेड्यातल्या स्वयंसेवी दलाचा शब्द थेट दरबारी पोहोचतो आणि इकडे 2011 च्या जनगणनेतच साडेनऊ लाखांच्या घरात असलेल्या सोलापूरच्या दलाने मात्र खालून वर, वरून आणखी वर बघत बसायचं!

यावर ठरलेलं उत्तर येतं: जवानांचं प्रशिक्षण झालेलं असतं, नागपुरात राष्ट्रीय महाविद्यालय आहे, मुंबईत राज्याचं केंद्र आहे. आहे ना. पण उमेदीत एकदा तालमीत जाऊन कुणी जन्मभर पैलवान राहतो का? कारखाने, यंत्रमाग, बोळ सोलापुरात आहेत, मग सरावही सोलापुरातच आणि दर महिन्याला व्हायला हवा.

शिवाय दिल्लीच्या तोंडाकडेच बघायला हवं असंही नाही. 2006 च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्याने अग्निशमन सेवा शुल्क घेता येतं. त्या पैशातला ठरावीक वाटा सरावाच्या साहित्यासाठी दरवर्षी राखून ठेवा, अंदाजपत्रकात त्याची वेगळी ओळ दाखवा. सोळाव्या आयोगाच्या काळात अर्ज करायची वेळ आली, तर तो अग्निशमन केंद्रावरच्या जवानांना बसवून लिहा. पहिल्या पानावर धुरकोठडी, बीए सेट, हवा भरायचा कॉम्प्रेसर. बंब दुसऱ्या पानावर.