शागीर्दी आणि कागद

दहावीचा निकाल लागला की मोहल्ल्यातील काही मुले गॅरेजवर, काही वेल्डिंगच्या दुकानात, काही वायरिंगच्या कामावर दिसू लागतात. उस्ताद ओळखीचा असतो, दुकान घराजवळ असते, संध्याकाळी थोडे पैसेही हातावर पडतात. या शागीर्दीला आम्ही कमी लेखत नाही. हजरत दाऊद (अ.स.) लोखंडाची चिलखते घडवत आणि हाताच्या कमाईवर जगत, हे मकतबातले मूलही जाणते. आमचे म्हणणे एवढेच की चार वर्षे घाम गाळून मुलाच्या हातात हुनर येते, पण कागद येत नाही. आणि कारखान्याच्या गेटवर आधी कागद विचारतात.

तो कागद मिळण्याची सोय १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात आहे. सगळे तिला अ‍ॅप्रेंटिसशिप म्हणतात. ३० किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. दरमहा विद्यावेतन मिळते. २०१९ च्या नियमांत ते आयटीआय झालेल्यांना किमान ७ हजार, डिप्लोमावाल्यांना ८ हजार आणि पदवीधर इंजिनिअरांना ९ हजार ठरले होते. आजचा आकडा जाहिरातीत पाहावा.

जागा कुठे? माटुंगा आणि लोअर परळचे रेल्वे कारखाने, माझगाव डॉक, मुंबईचे नेव्हल डॉकयार्ड, ओझरचे एचएएल, खडकी, अंबरनाथ, भुसावळचे संरक्षण कारखाने, महावितरण, एस.टी. माझगाव डॉक काही ट्रेडसाठी आठवी आणि दहावी झालेली मुलेही परीक्षा घेऊन निवडते. रेल्वेत परीक्षा नसते, दहावी आणि आयटीआयच्या गुणांवर यादी लागते. म्हणून ‘आयटीआयलाच जायचे आहे, दहावीत नुसते पास झालो तरी पुरे’ असे म्हणणाऱ्या मुलाला पालकांनी वेळीच समजावावे.

अम्मी-अब्बांचा पहिला प्रश्न असतो, नोकरी पक्की का? नाही. ठेवून घेण्याचे बंधन कंपनीवर नसते. मात्र रेल्वेत अ‍ॅप्रेंटिसशिप पूर्ण केलेल्यांसाठी लेव्हल-१ च्या भरतीत २० टक्के जागा राखीव असतात. आणि जागा मिळवून देतो म्हणून पैसे मागणारा भेटला तर त्याला दारातूनच सलाम करावा.

आमच्या मुलांचे अर्ज खरे अडतात ते नावावर. दाखल्यावर शेख मोहम्मद आसिफ, आधारवर मोहम्मद आसिफ शेख, बँकेत नुसता आसिफ शेख. इंग्रजीत मोहम्मदच्या शेवटी कुठे ‘ईडी’, कुठे ‘एडी’, कुठे सगळेच आखडून चार अक्षरे. घरात कुणाला त्याचे काही वाटत नाही, पण नोंदणी होते आधारवर, गुण तपासतात दहावीच्या प्रमाणपत्रावर आणि विद्यावेतन जाते बँकेत. तिन्ही जुळले नाहीत की कागदपत्रांच्या तपासणीत मूल मागे राहते. शाळा सोडल्यावर जनरल रजिस्टरमधील दुरुस्ती फार अवघड होते, म्हणून नववीतच शाळेत येऊन नाव तपासा. आधारवरचे नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते, तेव्हा आधी दाखला पक्का करा, मग आधार, मग बँक.

माहितीसाठी सायबर कॅफेवर विसंबू नका. सरकारी आयटीआयमध्ये शिकाऊ उमेदवारीचे काम पाहणारे मूलभूत प्रशिक्षण केंद्र असते, तिथे समोर बसून विचारता येते. डिप्लोमा आणि डिग्रीवाल्यांसाठी शीव येथे वेगळे मंडळ आहे, त्यांची नोंदणी ‘नॅट्स’च्या पोर्टलवर होते. मुलींनाही सोबत न्या. ड्राफ्ट्समन, इलेक्ट्रॉनिक्सच काय, फिटरच्या वर्गातही आता मुली बसतात आणि रेल्वेच्या अर्जाला त्यांना फी नाही.

जो मुलगा आधीच गॅरेजवर आहे त्याचे काय? आपल्या राज्यात आयटीआयच्या प्रवेशाला वयाची वरची अट नाही. रेल्वेच्या जाहिरातीत साधारण २४ वर्षांची असते, ओबीसी दाखला असलेल्या बिरादऱ्यांना तीन वर्षांची सवलत. एकोणीस वर्षांच्या मुलाने यंदा दोन वर्षांचा मोटार मेकॅनिकचा ट्रेड घेतला तरी एकविसाव्या वर्षी तो अर्ज करू शकतो. उस्तादही संध्याकाळी दोन तास कामावर यायला ना म्हणणार नाहीत.