पाणी नितळ दिसतं म्हणून स्वच्छ असतं का? फार्महाऊसवरच्या गरम टबाचा हिशेब

धामणगाव बढे (ता. मोताळा) : राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आलं आणि शेतातल्या मुक्कामाकडे जोडधंदा म्हणून पाहिलं जाऊ लागलं. बुलडाणा जिल्ह्याला पाहुण्यांची कमी नाही. शेगाव, लोणार, सिंदखेडराजा जिल्ह्यातच आहेत, अजिंठा लेणी शेजारच्या जिल्ह्यात. घाटाखालच्या एखाद्या शेतकऱ्याने दोन खोल्या बांधायचं ठरवलं, की पुढचा प्रश्न येतोच: पोरांसाठी छोटा पूल करायचा का? गरम पाण्याचा टब बसवायचा का?

टब बसवणं सोपं आहे. अवघड आहे ते त्यातलं पाणी रोज निर्जंतुक ठेवणं. आणि इथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो, कारण तळ दिसतो म्हणजे पाणी चांगलं, असं आपण धरून चालतो.

लहान टब, मोठी जोखीम

साधा हिशेब करू. ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सव्वा मीटर खोल पुलात सुमारे ४० हजार लिटर पाणी बसतं. त्यात वीस जण उतरले तरी माणशी दोन हजार लिटर पाणी वाट्याला येतं. गरम टबात पाणी असतं दीड हजार लिटर. पाच जण बसले की माणशी फक्त ३०० लिटर. घाम, तेल, साबण, धूळ सगळं त्यातच. वरून पाणी गरम आणि फेसाळतं, त्यामुळे क्लोरीन लवकर उडतो. सकाळी टाकलेलं औषध संध्याकाळपर्यंत टिकेलच असं नाही.

कोमट पाणी जंतूंनाही मानवतं. लिजिओनेला नावाचा जिवाणू साधारण २५ ते ४५ अंश तापमानात वाढतो. टबाचं पाणी याच टप्प्यात असतं. हा जिवाणू पोटातून नाही, श्वासातून जातो. टबातून उडणारे बारीक तुषार छातीत गेले की न्यूमोनिया होऊ शकतो.

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात सप्टेंबर २०१९ मध्ये एक जत्रा भरली होती. तिथे विक्रीसाठी गरम टब चालू करून मांडले होते. त्यात कोणी आंघोळ करत नव्हतं, लोक फक्त जवळून जात होते. तरीही शंभरावर माणसं आजारी पडली आणि चौघांचा जीव गेला. तपासात संशयाची सुई त्या टबांकडेच गेली. म्हणजे धोका फक्त पाहुण्याला नाही. टब घासणारा गडी आणि शेजारी चहा देणारी बाई यांनाही तो तेवढाच आहे.

गावाला हे काम नवीन नाही

खरं तर पाणी शुद्ध करण्याचं ज्ञान प्रत्येक ग्रामपंचायतीत आहे. जलसुरक्षक टाकीत टीसीएल पावडर टाकतो, नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट घेतो, पिवळा रंग आला की क्लोरीन आहे असं समजतं. पिण्याच्या पाण्यात शेवटच्या नळापर्यंत किमान ०.२ पीपीएम क्लोरीन उरला पाहिजे. गरम टबात मात्र तो किमान ३ पीपीएम लागतो, म्हणजे पंधरा पट. पुलासाठी १ ते ३ पीपीएम चालतो.

दीड हजार लिटरला ३ पीपीएम म्हणजे साडेचार ग्रॅम शुद्ध क्लोरीन. ताज्या टीसीएलमध्ये साधारण ३३ टक्के क्लोरीन असतो, म्हणून १४ ग्रॅम पावडर लागते. तीच पावडर उघड्या पोत्यात पडून २० टक्क्यांवर आली असेल, तर २२-२३ ग्रॅम. म्हणून अंदाजाने मूठभर टाकणं कामाचं नाही. मोजून टाकायचं, नंतर तपासायचं, कमी भरलं तर पुन्हा टाकायचं. पावडर आधी बादलीत कालवून चुना खाली बसू द्यावा आणि वरचं निवळ पाणीच वापरावं, नाही तर टबाचे जेट चोंदतात.

दुसरी गोष्ट पीएचची. तो ७.२ च्या आसपास असेल तर क्लोरीनचा मोठा भाग जंतू मारायच्या कामी येतो. पीएच ८ वर गेला की जेमतेम पाव भाग कामाचा उरतो. बोअरचं जड पाणी आणि टीसीएल, दोन्हींमुळे पीएच वर सरकतो. तो उतरवायला अ‍ॅसिड वापरतात, पण अ‍ॅसिड आणि टीसीएल कधीही एकत्र करू नये. विषारी वायू निघतो.

ओटी टेस्टने एकूण क्लोरीन कळतो, मोकळा किती ते नेमकं कळत नाही. टबासाठी डीपीडी गोळ्यांचा संच घ्यावा. आणि डोळ्यांत झोंबणारा उग्र वास आला तर औषध जास्त झालं असं समजू नका. बहुतेक वेळा क्लोरीन घामात आणि लघवीत अडकून संपत आलेला असतो.

पाणी बदलायचं, पण कुठून?

खरी अडचण पुढे आहे. दीड हजार लिटरच्या टबात रोज पाच जण उतरत असतील, तर साधारण २६ दिवसांनी सगळं पाणी बदलावं लागतं. उन्हाळ्यात गावात नळ दिवसाआड येत असेल, तर मालकाचा हात आखडतो. पाणी वाया जाईल या भीतीने जुनंच पाणी चालवलं जातं. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्हीकडून बोलायला जागा मिळते: बदललं तर उधळपट्टी, नाही बदललं तर रोगराई.

मार्ग मधला आहे. टबात उतरण्याआधी साबणाने आंघोळ सक्तीची केली, तर औषध आणि पाणी दोन्ही जास्त टिकतं. फिल्टर धुवावा, पाणी काढल्यावर कडेचा बुळबुळीत थर घासून काढावा, कारण जंतू त्याच्या आड लपतात. काढलेलं पाणी दोन-तीन दिवस उन्हात ठेवून क्लोरीन उडाला की झाडांना द्यावं. थेट नाल्यात, विहिरीजवळ किंवा मासे सोडलेल्या शेततळ्यात सोडू नये. उन्हाळ्यात पाणी मिळणारच नसेल, तर टब बंद ठेवणं हाच प्रामाणिक धंदा.

तपासणार कोण?

पुलाच्या पाण्यासाठी भारतीय मानक ब्युरोचं आयएस ३३२८ हे मानक आहे. पण जलसुरक्षकाचं काम सार्वजनिक पाण्याचं. शेतातला खाजगी टब त्याच्या वहीत येत नाही. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासणीचं प्रशिक्षण द्यायचं ठरलं आहे. त्यांच्या संचाने पीएच आणि उरलेला क्लोरीन दोन्ही पाहता येतात. ग्रामपंचायतीने ठराव करून, ठरावीक फी घेऊन हे काम त्यांच्याकडे दिलं तर बायांच्या हाताला काम मिळेल आणि पाहुण्यालाही भरवसा वाटेल. मालकाने दिवसातून दोनदा घेतलेलं माप टबाशेजारच्या फळ्यावर लिहिलं, तर जाहिरातीपेक्षा ते जास्त बोलेल.

पाहुण्यांनीही फळा विचारावा. पाणी ४० अंशांच्या वर नको. गरोदर बाई, लहान लेकरू, हृदयरोगी यांनी टबापासून दूरच राहावं. आणि मुक्कामानंतर दोन आठवड्यांत ताप, खोकला, धाप लागली, तर डॉक्टरला टबाची गोष्ट आवर्जून सांगावी. निदान तिथूनच लवकर होतं.