परीक्षक आमच्या वाडीत येणार काय?

वाचकहो, गावाची परीक्षा घ्यावयास आता बाहेरून माणसे येऊ लागली आहेत. पाणी पुरविले की नाही, कर वसूल केला की नाही, आलेला निधी कोठे गेला, हे सरपंचाच्या तोंडून ऐकण्यापेक्षा त्रयस्थाने स्वतः पाहून सांगावे, हा विचार रास्त आहे आणि आम्ही त्याचे स्वागत करतो. महाराष्ट्रात २००० साली संत गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. तेव्हापासून तालुक्याच्या, जिल्ह्याच्या, विभागाच्या आणि राज्याच्या समित्या गावोगाव फिरून गुण देत आल्या. २०१६ साली भारतीय गुणवत्ता परिषदेने केंद्र सरकारसाठी देशातील ७५ जिल्ह्यांची ग्रामीण स्वच्छता तपासली, आणि सपाटीवरील जिल्ह्यांत पहिला क्रमांक आपल्या सिंधुदुर्गाला मिळाला. (सह्याद्रीच्या पायथ्याचा हा चढउतारांचा जिल्हा सपाटीत कसा गणला गेला, हे ती परिषदच जाणे.) १७ सप्टेंबर २०२५ रोजी मुख्यमंत्री समृद्ध पंचायतराज अभियान सुरू झाले, त्यातही ग्रामपंचायतींची तपासणी आणि मोठाली बक्षिसे ठेवण्यात आली.

सिंधुदुर्गाचा तो मान आमचाही मान आहे. परंतु २०१६ च्या त्या तपासणीची मापे कोणती होती, ते पाहा. शौचालये, पाणी, घराभोवतीचा कचरा, साचलेले सांडपाणी. ती आवश्यकच होती. पाणवठा कोणाला खुला आहे आणि गावाची घाण कोण उचलतो, हे माप मात्र त्यांत नव्हते.

मुंबई-गोवा महामार्गालगतचे नांदगाव घ्या. आम्ही हे नाव केवळ उदाहरणादाखल घेत आहो. तेथील पंचायतीवर आमचा कसलाही आरोप नाही. कोकणातील गाव म्हणजे एका गावठाणात दाटीने बसलेली घरे नव्हेत. गाव वाड्यावाड्यांत पसरलेले असते. एका वाडीपासून दुसरीकडे जावयास पाणंद तुडवावी लागते, पावसाळ्यात साकव ओलांडावा लागतो. महामार्गाने मोटारीतून आलेली समिती पंचायत कार्यालयापुढे उतरते. तेथे रांगोळी घातलेली असते, झाडांच्या बुंध्यांना चुना फासलेला असतो, शाळेतील मुले स्वागतगीत म्हणतात. दप्तर पाहिले जाते, चहा होतो, जवळची एकदोन वाडी पाहून होते, आणि दिवस मावळतो. बौद्धवाडी बहुधा साकवापलीकडे असते. साकव मोडका असेल तर समिती तेथे पोहोचत नाही. आणि समिती तेथे पोहोचत नाही म्हणून साकव मोडका आहे, हे अहवालात येत नाही!

कागद पाहून गुण द्यावयाचे ठरविले तर काय होते, याचा धडा कोकणातच घालून दिलेला आहे. मुंबई कायदेमंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांचा ठराव मंजूर केला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली त्याला अनुसरून चवदार तळे सर्वांस खुले केल्याचा ठराव केला. त्या सुमारास एखादा परीक्षक महाडास येऊन नगरपालिकेचे दप्तर तपासता, तर त्याने तिला पैकीच्या पैकी गुण दिले असते. ठराव होता, तारीख होती, सही होती. तळ्यावर मात्र अस्पृश्याची घागर बुडत नव्हती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी त्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ती त्या ठरावाची पहिली खरी तपासणी होती. तिचा निकाल सर्वांस ठाऊक आहे. परतणाऱ्या माणसांची डोकी फुटली, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टात नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. हायकोर्टाचा निकाल मिळण्यास १७ मार्च १९३७ उजाडला.

बाबासाहेब पुढे सरकारी अर्थानेही परीक्षक झाले. अस्पृश्यांच्या आणि आदिवासींच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने १९२८ साली स्टार्ट समिती नेमली, तिचे ते सभासद होते. त्या कामावर असता १९२९ साली ते चाळीसगावी उतरले. स्थानकावरील टांगेवाले अस्पृश्याला टांग्यात घेऊन हाकावयास तयार होईनात. अखेर टांगा मिळाला, पण हाकणारा मिळाला नाही. वस्तीतल्याच एका माणसाने लगाम हाती घेतला. त्याला सवय नव्हती. मोरीवर टांगा उलटला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. सरकारी नेमणुकीचा कागद खिशात असलेल्या, बॅरिस्टर असलेल्या सभासदाची ही स्थिती! तपासनिसाला गाव कसे वागविते, यातच त्या गावाचा अर्धा अहवाल लिहिलेला असतो. म्हणून गावोगाव पाठविल्या जाणाऱ्या समित्यांत आमची माणसे असलीच पाहिजेत, असा आमचा आग्रह आहे. ती माणसे सभासद म्हणून असावीत, मागे फायली घेऊन चालण्यासाठी नव्हेत.

या प्रश्नाची आम्हांला एवढी निकड का, असे कोणी विचारील. कारण सिंधुदुर्गात आमची वस्ती थोडी आणि विखुरलेली आहे. गावात दहावीस घरे, त्यांतलीही निम्मी कुलपे लावून मुंबईस गेलेली. मतांच्या जोरावर कोणास काही करावयास लावू, अशी शक्ती नाही. १९३२ साली मुंबई कायदेमंडळात ग्रामपंचायतीच्या विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी हेच भय मांडले होते, आणि अस्पृश्यांना पंचायतीत राखीव प्रतिनिधित्व मागितले होते. ते प्रतिनिधित्व १९९३ साली ७३ व्या घटनादुरुस्तीने संविधानात आले. परंतु नऊ सभासदांत एक राखीव सभासद, तोही कित्येकदा बहुमताच्या मर्जीने निवडून आलेला, एकटा काय करील? जेथे संख्या आमच्या बाजूने नाही, तेथे आमचा आधार कायदा आणि निःपक्षपाती डोळा एवढाच उरतो. १९५६ साली आम्ही धम्म स्वीकारला, गावकीची कामे टाकली, तेव्हापासून गावाकडे काही मागताना आम्ही हात पसरीत नाही, हिशेब मागतो. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांसाठी खर्च करावयाची आहे. अनुसूचित जाती व नवबौद्धांच्या वस्त्यांच्या विकासासाठी वेगळा निधी येतो. तो रस्ता वस्तीच्या नावाने मंजूर होऊन दुसऱ्याच वाडीच्या वळणावर संपला, ही तक्रार ऐकली नाही असा वाचक विरळा. लेखापरीक्षक पावती पाहतो; पावती खरी असते, रस्ताही खरा असतो. तो कोणाच्या दारापर्यंत गेला, हे पाहावयास परीक्षकाला पायी चालावे लागते.

दुसऱ्यांचा अनुभवही पाहावा. इंग्लंडात १९८३ पासून ऑडिट कमिशन नावाची स्वतंत्र संस्था स्थानिक परिषदांचे लेखापरीक्षक नेमीत असे. परिषदेला आपला परीक्षक आपण निवडता येत नसे. २०१५ साली ती संस्था बंद करण्यात आली. त्यानंतरच्या काळात तेथील शेकडो लेखापरीक्षणे वर्षानुवर्षे रखडली. तेथे आणखी एक पद्धत आहे, ती आम्हांला अधिक आवडते. दुसऱ्या परिषदांतील सभासद व अधिकारी काही दिवस येऊन राहतात, कारभार पाहतात, दोष सांगतात, अहवाल प्रसिद्ध होतो, आणि पुढे पुन्हा येऊन दोष सुधारले की नाही हे पाहिले जाते. आमच्याकडे समिती बक्षीस वाटून जाते ती परत फिरकत नाही.

याहून जवळचे उदाहरण आंध्र प्रदेशाचे. २००५ च्या रोजगार हमी कायद्याच्या १७ व्या कलमाने सामाजिक अंकेक्षणाचे काम ग्रामसभेवर सोपविले. आंध्रात त्यासाठी मजुरांच्याच घरांतील शिकलेली मुले-मुली तयार केली गेली, आणि त्यांना स्वतःचे गाव सोडून दुसऱ्या गावांत पाठविण्यात आले. घरोघर जाऊन त्यांनी मजुरीच्या नोंदी माणसांपुढे वाचून दाखविल्या आणि भर सभेत खोट्या सह्या उघड केल्या. हे सिंधुदुर्गात का होऊ नये? नांदगावच्या बौद्धवाडीतील पदवीधर मुलीने देवगड-मालवणकडील गावे तपासावीत, तिकडच्या मुलाने नांदगावास यावे. स्वगावी डोळा मिंधा होतो, भीतीने किंवा नात्याने. परगावी तो मोकळा राहतो.

आणि वाचकहो, परीक्षेची ही रीत आम्हांला परकी नाही. वर्षावास संपला म्हणजे भिक्खूसंघात पवारणा होते. संघातील ज्येष्ठ भिक्खू प्रथम पुढे येतो आणि संघाला विनंती करतो की, माझा जो दोष तुम्ही पाहिला असेल, ऐकला असेल, किंवा ज्याची तुम्हांला शंका असेल, तो मला सांगा. मागाहून कनिष्ठ भिक्खू तसेच करतात. अडीच हजार वर्षांपूर्वी या संघाने आपला दोष दाखविणाऱ्यास स्वतः बोलाविले, आणि त्याचा आरंभ वडीलधाऱ्यापासून केला. मग आमच्या विहार समित्या, आमची गावशाखा व मुंबईशाखा, जयंतीची वर्गणी गोळा करणारी आमची मंडळे यांनी आपले हिशेब परक्या गावच्या बांधवाकडून तपासून घ्यावयास का कचरावे? चाकरमानी गिरणीत, गोदीत, पालिकेत राबून विहारासाठी पैसे पाठवीत आला. त्याला पत्र्याच्या शेडचा खर्च विचारण्याचा हक्क आहे. जो आपल्या विहाराचे दप्तर उघडे ठेवतो, त्याला ग्रामपंचायतीचे दप्तर मागताना आवाज खाली करावा लागत नाही.

आमची मागणी मोठी नाही. तपासणीस येणाऱ्या समितीने पहिले पाऊल गावाच्या शेवटच्या वाडीत टाकावे. तिची तारीख पंचायतीला आठवडाभर आधी कळू नये. वस्तीचा पाणवठा, स्मशानाची वाट आणि १५ टक्क्यांचा खर्च यांना स्वतंत्र गुण असावेत, आणि त्यांत नापास होणाऱ्या गावाला इतर गुणांच्या बळावर बक्षीस मिळू नये. अहवाल ग्रामसभेत वाचला जावा आणि वर्षाच्या आत समितीने परत यावे.

हे होईपर्यंत हातात आहे ते वापरा. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याप्रमाणे वर्षाच्या पहिल्या ग्रामसभेपुढे जमाखर्चाचे विवरण, लेखापरीक्षणाची शेवटची टिपणी आणि तिला दिलेली उत्तरे ठेवावी लागतात. सभेला जा, पुढच्या रांगेत बसा, आणि ती टिपणी मोठ्याने वाचून दाखविण्यास सांगा. टाळाटाळ झाली तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करून नक्कल घ्या. ती नक्कल हाती आली म्हणजे तिजबरोबर आपल्या वाडीतील साकवाची, विहिरीची आणि रस्त्याची हकीकत लिहून आमच्याकडे पाठवा. दोन्ही आम्ही या पानांवर शेजारी शेजारी छापू.