थ्रॉटल सुटला की

हंगाम तोंडावर आला आहे. पावसाळाभर ताडपत्रीखाली पडलेल्या जेटस्की बाहेर निघतील, सर्व्हे आणि परवान्यासाठी बंदर कार्यालयात खेपा सुरू होतील. कागद पुरे हवेतच, त्याबद्दल दुमत नाही. पण पर्यटकाच्या हातात हँडल देताना आपण त्याला नेमकं काय सांगतो, याची तपासणी कुठल्याच सर्व्हेत होत नाही.

बहुतेक ठिकाणी एवढंच सांगितलं जातं: दाबलं की पळते, सोडलं की थांबते. यातलं दुसरं वाक्य धडधडीत खोटं आहे. जेटस्कीला सुकाणू नसतं. पंप खालून पाणी ओढतो, मागच्या नोझलमधून फेकतो आणि हँडलबरोबर ते नोझल वळतं. थ्रॉटल सोडला की झोत गेला आणि झोत गेला की वळणंही गेलं. यंत्र भरात असेल तर नाकासमोर जात राहतं, हँडल कितीही पिळा. समोर पोहणारा दिसला की नवखा माणूस दचकून बोट सैल करतो आणि मग वळवायला बघतो. टक्कर होते ती इथेच. वाचायचं असेल तर थोडा थ्रॉटल ठेवूनच वळावं लागतं, आणि हे माणसाच्या स्वभावाच्या उलट आहे. म्हणून नुसतं सांगून भागत नाही. यंत्र वाळूवर, इंजिन बंद असताना, त्याच्याकडून चार वेळा करून घ्या: ठेव, वळ, मग सोड. काही नव्या मॉडेलांना ब्रेक असतो, जुन्यांना नसतो; आपल्या यंत्राला तो आहे की नाही, तेही त्याला सांगा.

किल स्विचची दोरी हा दुसरा मुद्दा. गिऱ्हाईक पडलं की यंत्र पुन्हा चालू करण्याचा व्याप नको, म्हणून ती हँडललाच गुंडाळून ठेवायची खोड काहींना असते. मग माणूस पाण्यात आणि यंत्र मोकाट. थ्रॉटल ज्याच्या हातात, दोरी त्याच्याच मनगटाला. मागे बसणाऱ्यालाही घट्ट धरायला बजावा. तो मागे नोझलवर पडला तर झोताने शरीराच्या आत गंभीर इजा होते. उत्पादक वेटसूटची पँट घालायला सांगतात ते थंडीपायी नव्हे. आपल्याकडे बर्म्युडावर बसवतात!

कायद्याची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही. ब्रिटनमध्ये वेमथच्या उपसागरात जेटस्कीने दुसऱ्याला जबर जखमी केल्याच्या खटल्यात अपील न्यायालयाने २००५ मध्ये शिक्षा रद्द केली. नुसतं इकडून तिकडे फिरणारी जेटस्की नौकानयनासाठी वापरली जाणारी नौका ठरत नाही, असा निवाडा होता. ही फट बुजवणारा आदेश लागू झाला ३१ मार्च २०२३ रोजी. आता बेदरकारपणाला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सागरी परंपरेचा एवढा टेंभा मिरवणाऱ्या देशाची ही गत. आपल्याकडे २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आहे, नोंदणी आणि सर्व्हेची चौकट आहे. पण रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं जाळं, लागली असताना तिच्या घेरात जेटस्की घालू नये, हे कुठल्या कलमाने शिकवायचं?

वयाचंही तेच. यामाहा आणि सी-डू दोघेही चालक किमान १६ वर्षांचा हवा म्हणतात. दहा वर्षांच्या पोराच्या हातात हँडल देऊन फोटो काढायचा आग्रह बाप धरतो, शंभर रुपये जास्त देतो, तेव्हा नाही म्हणणं अवघड जातं, कारण शेजारचा चालक हो म्हणायला तयार उभा असतो.

खरी अडचण हीच आहे. वाळूवर दोन मिनिटं घालवणाऱ्याच्या दोन फेऱ्या बुडतात आणि गिऱ्हाईक पलीकडच्या टेबलाशी जातं. हे एकट्याने जमणारं नाही. किनाऱ्या-किनाऱ्यावरच्या संघटना राइडचे दर एकत्र बसून ठरवतात. त्याच बैठकीत वाळूवरचा सराव, मनगटाची दोरी आणि वयाची अट सगळ्यांना बंधनकारक करावी, मोडणाऱ्याची रांगेतली पाळी काही दिवस बंद ठेवावी. दिवाळीची गर्दी उसळल्यावर कुणाला बैठकीला वेळ नसतो, तेव्हा ती आत्ताच लावा.