‘बाटलीवर जमिनी विकल्या’ : किनवटच्या डोंगरातील एका वाक्याची उलटतपासणी

१/ भोकर, हिमायतनगर, किनवट या आमच्या पट्ट्यात एक वाक्य इतिहास म्हणून सांगितले जाते : ‘गोंड-कोलामांना व्यवहार कळत नव्हता, त्यांनी दारूच्या बाटलीवर जमिनी विकल्या.’ टपरीवर ते ऐकू येते, आणि खेदाची गोष्ट अशी की इतिहासाच्या विद्यार्थ्यांच्या तोंडीही येते. या धाग्यात त्या वाक्याची उलटतपासणी करू. व्यवहार, दारू, जमीन आणि विक्री या चारही शब्दांना एकेक करून साक्षीला बोलावू.

२/ प्रथम स्थळ आणि काळ. किनवट आज नांदेड जिल्ह्यात असले, तरी १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत ते आदिलाबाद जिल्ह्यात होते. आदिलाबादला पूर्ण जिल्ह्याचा दर्जा मिळाला १९०५ साली. पैनगंगेच्या अलीकडे निजामाचे राज्य, पलीकडे इंग्रजांच्या ताब्यातील वऱ्हाड. मध्ये डोंगर आणि सागवानाचे जंगल. येथे गोंड, कोलाम, आंध, नाईकपोड राहत. आपला काळ साधारणपणे १९०० ते १९५०.

३/ पहिला साक्षीदार : व्यवहार. डोंगरातला माणूस बाजाराला अनोळखी नव्हता. मोहाची फुले, चारोळी, डिंक, मध, लाख, बांबूच्या टोपल्या हा माल आठवडी बाजारात उतरे. मीठ, कापड, लोखंडी अवजारे परत जात. पुष्कळदा पैसा मध्ये येतच नसे, मापाला माप दिले जाई. मोहाचा हंगाम उन्हाळ्याच्या तोंडाशी आणि मिठाची गरज बारमाही. म्हणजे कोणता माल केव्हा द्यायचा आणि किती दिवस राखायचा, हा हिशेब घरोघरी करावाच लागे. ज्याला व्यवहार कळत नाही, त्याला हे जमत नाही.

४/ त्यातही या डोंगरात रुपये दोन प्रकारचे. निजामाचा हाली शिक्का आणि इंग्रजांचा कलदार. १०० कलदार म्हणजे हाली ११६ रुपये, १० आणे, ८ पै. नदी ओलांडली की रुपया बदले. बोलीत दोन्ही ‘रुपयेच’. कागदावर नेमका कोणता रुपया लिहिला गेला, हे ज्याला वाचता येई त्याच्या पदरात शेकडा सोळा-सतरा रुपयांचा फरक न बोलता पडू शकत होता. हे अडाणीपण कोणाचे? दोन नाणी चालवणाऱ्या व्यवस्थेचे, की त्या दोन्हींत पिळल्या जाणाऱ्या माणसाचे?

५/ आता उधारी. पेरणीच्या वेळी धान्य घ्यायचे ते सवाईने किंवा दिढीने. सवाई म्हणजे सुगीला सव्वापट, दिढी म्हणजे दीडपट. एक मण ज्वारी दिढीने घेतली आणि फेड चुकली, तर दुसऱ्या सुगीला सव्वादोन मण आणि तिसऱ्या सुगीला तीन मणांहून अधिक. हा साधा गुणाकार आहे. तो गोंड शेतकऱ्याला कळत नव्हता असे मानायला काही आधार नाही. कळूनही त्याच्यापुढे दुसरे दार नव्हते, कारण डोंगरात बियाणे उधार देणारी सरकारी व्यवस्था नव्हती. अज्ञान आणि नाइलाज यांत गफलत करणे ही इतिहासलेखनातील मोठी चूक आहे.

६/ दुसरा साक्षीदार : दारू. मोहाचे झाड अंगणापलीकडे, फुले स्वतः वेचलेली, गाळण्याची कला वाडवडिलांची. पूजेत, लग्नात, मयतात ती लागे. पण अबकारी हे निजाम सरकारच्या उत्पन्नाचे एक मोठे खाते होते. घरी गाळणे गुन्हा ठरले आणि लिलावात दुकान घेतलेल्या गुत्तेदाराकडून ती विकत घेणे भाग पडले. म्हणजे ज्या बाटलीचा टोमणा आपण मारतो, ती बाटली सरकारने आधी त्याच्या अंगणातून उचलली आणि मग त्यालाच विकली. टोमणा मारताना एवढा अर्धा भाग गाळणे सोयीचे आहे, प्रामाणिक नाही.

७/ तिसरा साक्षीदार, आणि सर्वांत महत्त्वाचा : जमीन. मैदानावरच्या आपल्या भाषेत ‘पांढरी’ म्हणजे गावठाण आणि ‘काळी’ म्हणजे शिवार. काळीच्या तुकड्यातुकड्याला नाव, गट, खातेदार. डोंगरात तसे नव्हते. हलकी जमीन काही वर्षे कसायची, मग सोडून दुसरी धरायची. पडीक पुन्हा जंगल होई. जमीन मुबलक, माणसे थोडी. कसणे हाच हक्क होता, बाळगणे नव्हे. स्थानिक देवांच्या पूजेसाठी गोंड गावेसुद्धा कोलाम पुजाऱ्याला बोलावीत, कारण त्या भूमीशी जुने नाते त्याचे मानले जाई. अशा जमिनीला विक्रीची किंमत कोण लावणार?

८/ मग सर्व्हे आला, जमाबंदी आली आणि पट्टा आला. ज्याच्या नावाचा पट्टा, तो मालक. पट्टा नसताना कसणारा ‘शिवाय-जमाबंदी’त, म्हणजे तात्पुरता, केव्हाही उठवता येण्याजोगा. काल कसणारा हक्कदार होता. आज तोच माणूस त्याच शेतात अतिक्रमक ठरला. त्याने काही विकले नव्हते, काही सोडले नव्हते. बदलला होता फक्त कागद.

९/ आणि तो कागद कोणत्या भाषेत? हैदराबाद संस्थानाच्या कारभारात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फारसीची जागा उर्दूने घेतली होती. गोंडी आणि कोलामी या द्राविडी कुळातल्या भाषा. घरात गोंडी, बाजारात मराठी किंवा तेलुगू आणि कचेरीत उर्दू : तीन भाषांच्या तीन पायऱ्या चढून माणूस पट्ट्यापर्यंत पोहोचणार. मैदानावरून आलेला सावकार, पटवारी, वकील या पायऱ्यांवर आधीच बसलेला होता.

१०/ क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ हा ऑस्ट्रियन मानवशास्त्रज्ञ १९४० च्या दशकात आदिलाबादच्या गोंडांमध्ये राहिला. त्याचे काम मुख्यतः उटनूरच्या बाजूचे. पण किनवट तेव्हा त्याच जिल्ह्यात, त्याच महसुली नियमांखाली होते. त्याने नोंदवलेले चित्र असे : अनेक गोंडांना पट्ट्याचे महत्त्वच सांगितले गेले नाही, काहींनी साऱ्याच्या भीतीने तो टाळला, काहींकडून पैसे उकळले गेले आणि पट्टा निघाला दुसऱ्याच्याच नावे. पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या गावात गोंड कूळ झाले आणि मालक परगावचा.

११/ तेव्हा चौथा साक्षीदार : विक्री. जमीन हातातून गेली ती ढोबळमानाने तीन वाटांनी. एक, पट्टा दुसऱ्याच्या नावे झाला. दोन, जंगल राखीव झाले आणि शेत, क्वचित अख्खे गाव, त्या रेषेच्या आत सापडले. तीन, कर्जापोटी गहाण आणि मग खरेदीखत. यांतील पहिल्या दोन वाटांत विक्री कोठेच नाही. तिसरीत कागदावर ती आहे. पण विकणाऱ्याला ‘नाही’ म्हणण्याची मुभा नसेल, तर तिला विक्री म्हणणे हे शब्दाचा दुरुपयोग करणे आहे.

१२/ ‘पण कर्जात तर मैदानावरचा कुणबीही बुडाला होता!’ अगदी बरोबर, आणि हा आक्षेप माझ्याच बाजूचा आहे. १८७५ साली सुपे येथून उठलेल्या दंगलीत पुणे-नगरच्या शेतकऱ्यांनी सावकारांची खाती जाळली. १८७९ साली इंग्रज सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. त्या शेतकऱ्यांनी जमिनी ‘बाटलीवर घालवल्या’ असे कोणी पाठ्यपुस्तकात लिहीत नाही. तेथे आपण कर्ज, सारा, कोर्ट ही कारणे शोधतो. डोंगरातला माणूस आला की कारणे संपतात आणि स्वभाव सुरू होतो. हा दुहेरी मापदंड आपण कोठून घेतला?

१३/ दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : वर चढलेले सगळेच सावकार नव्हते. खरे आहे. १८९९-१९०० च्या दुष्काळाने मराठवाडा होरपळला होता. त्याच सुमारास मनमाड-सिकंदराबाद रेल्वे नांदेड-मुदखेडवरून सुरू झाली. कापसाला भाव होता, खाली जमिनीवर ताण होता. वर गेलेल्यांत स्वतःच्या हाताने नांगर धरणारे गरीबही होते. त्यांच्या नातवंडांना आज चोर ठरवणे हा या धाग्याचा हेतू नाही. पण त्यांच्या कष्टाची कथा खरी ठरायला गोंडांच्या मूर्खपणाची कथा लागत नाही.

१४/ ‘त्या काळी कोणाला कळत होते?’ कळत होते. छोटानागपूरचा कूळकायदा १९०८ चा. मध्यप्रांतातील जमीन-हस्तांतरणाचा कायदा १९१६ चा. मद्रास इलाख्यातील एजन्सी मुलखाचा, आदिवासींची जमीन बाहेरच्यांकडे जाण्यावर बंधन घालणारा कायदा १९१७ चा. म्हणजे शेजारच्या सरकारांनी हा धोका ओळखून निदान कागदावर तरी कुंपण घातले होते. आदिलाबादच्या डोंगरात १९४० साली जोडेघाट येथे कोमराम भीम पोलिसांच्या गोळीने पडला. त्याची मागणी जमीन आणि जंगलाचीच होती. त्यानंतर हायमेनडॉर्फला पाचारण झाले, आणि आदिवासी क्षेत्रांचा विनियम आला तो १३५६ फसलीत, म्हणजे १९४६ च्या सुमारास. एजन्सीच्या कायद्यानंतर जवळजवळ तीस वर्षांनी.

१५/ हे सारे जुने झाले, आता काय? तर आता हे. महाराष्ट्राने १९७४ साली आदिवासींच्या जमिनी परत देण्याचा कायदा केला. चांगला कायदा. पण तो पाहतो १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळातील हस्तांतरणे. वर सांगितलेल्या तिन्ही वाटा मुख्यतः त्याआधीच्या. ज्याच्या आजोबाची जमीन १९२५ साली दुसऱ्याच्या पट्ट्यात गेली, त्याला या कायद्याच्या दारात उभेच राहता येत नाही. कायद्याला कोठेतरी रेघ ओढावी लागते, हे मान्य. परंतु रेघेअलीकडचे जे कायद्याने सोडले, ते निदान इतिहासाने सोडू नये.

१६/ आणि म्हणूनच ते वाक्य निरुपद्रवी नाही. वनहक्काचा दावा घेऊन आलेल्या माणसाला ‘तुमच्याच लोकांनी विकून खाल्ली’ असे सुनावले जाते, तेव्हा हेच वाक्य काम करीत असते. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीने घ्यायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी का लागते, असे कुरकुरणाऱ्याच्या तोंडीही हेच वाक्य असते.

१७/ मित्रहो, पुढच्या वेळी ते ऐकाल तेव्हा भांडू नका. तीन प्रश्न विचारा. पट्टा कोणाच्या नावे निघाला होता? कागद कोणत्या भाषेत होता? दारूचे दुकान कोणी लिलावात काढले होते? आणि ज्यांच्या घरी जुनी गहाणखते, पावत्या, मोडीतली किंवा उर्दूतली दप्तरे माळ्यावर पडली आहेत, त्यांनी ती रद्दीत घालू नयेत. वाळवी लागण्याआधी निदान फोटो काढून ठेवा. या डोंगराचा जमाखर्च अजून पुरता वाचलाच गेलेला नाही.