ही कळ नाजूकपणाची नव्हे

यवतमाळहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. त्यांना सातवा महिना लागलाय. बिछान्यात कूस बदलताना, जिना चढताना, परकर घालायला एक पाय उचलला की जांघेत अशी कळ येते की डोळ्यांत पाणीच उभं राहतं. घरात पाणी भरायचं असतं, दोन वर्षांची मुलगी कडेवरून उतरत नाही. सासूबाई म्हणतात, "आम्ही दिवस भरेपर्यंत कापूस वेचला, असं कण्हत बसलो नाही." बाळाला धोका तर नाही ना, असं त्या विचारतात.

ताई, तुमच्या वर्णनावरून हे दुखणं कमरेच्या हाडांच्या सांध्यांचं दिसतं. साधारण पाचांतल्या एका गर्भवतीला ते होतं. ओटीपोटाखाली समोर दोन हाडं जिथे जुळतात, तिथे एरवी 4 ते 5 मिलीमीटर फट असते. गरोदरपणात बंध सैल होतात आणि ती 2 ते 3 मिलीमीटरने वाढते. त्यात पोटाचा भार. दोन्ही बाजू सारख्या हलल्या नाहीत की कळ येते. बाळाला याने इजा होत नाही. सासूबाईंच्या वेळीही हे दुखणं होतंच, फक्त ते बोलून दाखवायची सोय नव्हती.

उपाय घरातलेच आहेत. एका पायावर भार येईल असं काही करू नका. परकर, चप्पल बसून घाला. कुशीवर निजताना गुडघ्यांमध्ये उशी ठेवा; वळताना दोन्ही गुडघे जुळवून वळा. जिना चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा आधी. उकिडवं बसून फरशी पुसणं, हंडा उचलणं सध्या दुसऱ्या कुणाकडे द्या. मुलीला कडेवर न घेता, बसून मांडीवर घ्या. पाटाऐवजी खुर्चीवर जेवा. मात्र दिवसभर पडूनही राहू नका; थोडं थोडं चाला. पोट चोळून घेऊ नका आणि दुकानातून परस्पर वेदनाशामक गोळ्या आणू नका.

डॉक्टरांना हे आवर्जून सांगा. 2016 पासून दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत गर्भवतींची मोफत तपासणी होते. यवतमाळला वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहेच. कमरेचा पट्टा आणि व्यायाम तिथे विचारून घ्या. बाळंतपणाच्या वेळी गुडघे किती फाकवले की दुखतं, तेही नर्सबाईंना आधीच सांगून ठेवा. या दुखण्यामुळे सिझेरियन करावंच लागतं असं नाही.

पण प्रत्येक कळ सांध्याची नसते. अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, थांबून थांबून पोट आवळून येणं, ताप, लघवीला जळजळ, डोकं फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी, बाळाची हालचाल मंदावणं, यांतलं काहीही झालं तर सकाळची वाट पाहू नका. 108 ला फोन करून गाडी बोलवा.

बहुतेकींचं हे दुखणं बाळंतपणानंतर काही आठवड्यांत ओसरतं. नाहीच ओसरलं, तर पुन्हा दाखवा. आणि हो, हे पान घरातल्यांनाही वाचून दाखवा. हंडा उचलायला त्यांचेही हात आहेत.