विकिपीडियावर नग्न फोटो का असतात? ते ठेवायचे की काढायचे, हे कोण ठरवतं?

गर्भनिरोधक साधनं, गुप्तरोग किंवा स्तनांच्या कॅन्सरची लक्षणं. यातलं काहीही शोधा, बहुतेक वेळा वरच्या निकालांत विकिपीडिया असतोच. पान उघडलं की कधीकधी थेट शरीराचा फोटो समोर येतो. शेजारी कुणी बसलेलं असेल तर आपण पटकन फोन उलटा करतो.

मग प्रश्न पडतो, शाळकरी मुलंही वापरतात त्या ज्ञानकोशात हे चालतं कसं? इन्स्टाग्राम किंवा फेसबुकवर असा फोटो टाकला तर तो बहुधा काढला जाईल. विकिपीडियावर मात्र तो वर्षानुवर्षं राहू शकतो. असं का, हे समजून घेऊया.

नियम काय सांगतो?

विकिपीडियाचं धोरण सांगतं की इथला मजकूर सेन्सॉर केला जात नाही. म्हणजे एखादं चित्र कुणाला आक्षेपार्ह वाटतं, एवढं एकच कारण ते काढायला पुरेसं नाही. पण याचा अर्थ 'काहीही चालतं' असा होत नाही. चित्रामुळे लेखाचा विषय समजायला मदत झाली पाहिजे. शिवाय त्या पानावर वाचकाला ज्याची अपेक्षा नसेल, असं चित्र अचानक समोर येऊ नये, हेही तत्त्व आहे.

खोडसाळ लोक राजकीय नेत्यांच्या किंवा खेळाडूंच्या पानांवर असे फोटो डकवतात. म्हणून इंग्रजी विकिपीडियाने एक यादीच केली आहे. यादीतली चित्रं ठरावीक लेखांतच दिसतात, इतर पानांवर टाकली तरी उमटत नाहीत.

बहुतांश फोटो असतात ते 'विकिमीडिया कॉमन्स' या भांडारात. ते २००४ मध्ये सुरू झालं. तिथे चढवलेला फोटो मराठीसह कुठल्याही भाषेतल्या विकिपीडियावर वापरता येतो. फोटोला शैक्षणिक उपयोग हवा, ही तिथली मुख्य अट. फोटो हटवावा असं वाटलं तर कुणीही प्रस्ताव मांडू शकतो. त्यावर साधारण सात दिवस खुली चर्चा होते आणि प्रचालक निर्णय देतात. हे प्रचालक पगारी नसतात, समुदायाने निवडलेले स्वयंसेवक असतात.

२००८ : ब्रिटनमध्ये पान ब्लॉक

स्कॉर्पियन्स या जर्मन रॉक बँडच्या १९७६ मधल्या एका अल्बमच्या मुखपृष्ठावर अल्पवयीन मुलीचं नग्न छायाचित्र होतं. डिसेंबर २००८ मध्ये ब्रिटनच्या इंटरनेट वॉच फाउंडेशनने त्या अल्बमचं विकिपीडिया पान काळ्या यादीत टाकलं. अनेक इंटरनेट कंपन्यांनी ते लगेच ब्लॉक केलं.

झालं असं की चित्रासोबत लेखाचा मजकूरही गायब झाला. शिवाय या कंपन्यांचे ग्राहक विकिपीडियाला मोजक्याच आयपी पत्त्यांवरून आल्यासारखे दिसू लागले. त्यामुळे खातं नसलेल्या अनेकांना कुठल्याच पानावर संपादन करता येईना. चारच दिवसांत संस्थेने निर्णय मागे घेतला.

२०१० : संस्थापकालाही माघार

विकिपीडियाचे सहसंस्थापक लॅरी सँगर तोपर्यंत प्रकल्पातून बाहेर पडले होते. एप्रिल २०१० मध्ये त्यांनी कॉमन्सवर बाललैंगिक चित्रं असल्याची तक्रार अमेरिकेच्या एफबीआयकडे केली. बातम्या झाल्या. मे महिन्यात दुसरे संस्थापक जिमी वेल्स यांनी स्वतःच्या अधिकारात भराभर फोटो हटवायला सुरुवात केली. त्यात फेलिसियाँ रॉप्स या एकोणिसाव्या शतकातल्या बेल्जियन चित्रकाराचं कामही गेलं.

स्वयंसेवक भडकले. चर्चा न करता एकट्याने निर्णय कसा घेतला, हा त्यांचा सवाल होता. अनेक चित्रं परत आणली गेली आणि वेल्स यांनी आपले बरेचसे विशेष अधिकार सोडले.

२०११ : फिल्टर आला, पण लागू झालाच नाही

मग मधला मार्ग सुचवला गेला. ज्याला असे फोटो नको असतील, त्याने एक बटण दाबून ते स्वतःपुरते लपवावेत. विकिमीडिया फाउंडेशनच्या विश्वस्त मंडळाने मे २०११ मध्ये याला पाठिंबा दिला. त्यावर घेतलेल्या मतचाचणीत सुमारे २४ हजार जणांनी भाग घेतला.

ऐकायला सोपं वाटतं. पण बटण चालायचं तर आधी प्रत्येक फोटोवर शिक्का मारावा लागणार. तो कोण मारणार? स्तनांच्या तपासणीचा फोटो आणि अश्लील फोटो एकाच खान्यात जाणार का? आणि शिक्के मारलेली यादी एकदा तयार झाली, की एखादं सरकार किंवा इंटरनेट कंपनी तीच वापरून सगळ्यांसाठी फोटो बंद करू शकते. जर्मन विकिपीडियाच्या मतदानात ८० टक्क्यांहून जास्त लोक विरोधात गेले. जुलै २०१२ मध्ये मंडळाने फिल्टरची मागणी मागे घेतली.

फोटोतल्या माणसाचं काय?

या तिन्ही वादांत मुख्य चर्चा बघणाऱ्याची होती. त्याला काय दिसावं, काय दिसू नये. फोटोत जी व्यक्ती आहे, तिची परवानगी होती का, हा प्रश्न मागे पडला.

कॉमन्सवर फोटो चढवताना मुक्त परवाना द्यावा लागतो. तो देतो फोटो काढणारा, कारण कॉपीराइट त्याचा असतो. फोटोतल्या व्यक्तीची संमती ही पूर्ण वेगळी गोष्ट आहे. दिलेला परवाना मागेही घेता येत नाही. म्हणजे आज विश्वासाने काढू दिलेला फोटो उद्या कुणीही, कुठेही वापरू शकतो.

याची दखल घेतली गेली नाही असं नाही. मे २०११ मध्येच विश्वस्त मंडळाने ओळखू येणाऱ्या व्यक्तींबाबत वेगळा ठराव केला. खासगी जागेत काढलेल्या फोटोला संमती हवी, असं कॉमन्सचं धोरणही सांगतं. अडचण पुराव्याची आहे. बऱ्याचदा फोटो चढवणाऱ्याचा शब्द हाच पुरावा असतो, आणि तो टोपणनावाने वावरत असतो. आपला फोटो तिथे आहे, हे शोधून काढण्याची जबाबदारी शेवटी फोटोतल्या व्यक्तीवरच पडते.

भारतातला कायदा काय म्हणतो?

आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्यातही हे दोन प्रश्न वेगवेगळे आहेत. कलम ६७ आणि ६७अ अश्लील आणि लैंगिक मजकुराबद्दल आहेत. पण विज्ञान, साहित्य, कला किंवा शिक्षणासाठी असलेल्या मजकुराला सूट आहे. कलम ६६ई मात्र खासगीपणाबद्दल आहे. संमतीशिवाय कुणाच्या खासगी अवयवांचा फोटो काढणं किंवा पसरवणं हा गुन्हा आहे आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मुलांच्या लैंगिक चित्रांसाठी ६७ब हे वेगळं आणि कडक कलम आहे. असे फोटो हटवायचे की नाही, यावर विकिमीडियावरही मतदान होत नाही. ते थेट काढले जातात.

तुमचा किंवा ओळखीच्या कुणाचा फोटो तिथे दिसला तर खुल्या चर्चेत नाव लिहून वाद घालू नका. ती चर्चा सगळं जग वाचू शकतं. कॉमन्सच्या स्वयंसेवकांना खासगी ईमेल करता येतो. पानाचा दुवा आणि स्क्रीनशॉट जपून ठेवा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार पोर्टलवर तक्रार करा.

आणि पुढच्या वेळी असा एखादा फोटो व्हायरल होऊन 'हे विकिपीडियावर कसं चालतं?' असा मेसेज आला, तर फोटोचा स्क्रीनशॉट पुढे पाठवण्याआधी जरा थांबा. फोटोतल्या व्यक्तीला कुणी विचारलं होतं का, हे तुम्हालाही ठाऊक नसतं.